पाचवे चाक आणि कोंडलेली हवा

चार चाकांच्या घोडागाडीला पाचवे चाक असते असे कोणी सांगितले तर ऐकणारा प्रथम हसेल. परंतु ज्याने मुंबईची जुनी व्हिक्टोरिया उभी असताना वाकून तिच्या पोटाखाली पाहिले असेल, त्याला हे ठाऊक असावयाचे की, पुढच्या आसाच्या माथ्यावर एक लोखंडी कडे आडवे निजविलेले असते, गाडीच्या तळाशी तसेच दुसरे कडे जडविलेले असते, आणि गाडी वळू लागली म्हणजे ही दोन कडी मधल्या खिळ्याभोवती, वंगणाच्या आधाराने, एकमेकांवर घसरत पुढच्या चाकांना उजवी-डावी मान फिरवू देतात. हे चाक रस्त्याला कधी लागत नाही, त्याला आरे नसतात, धाव नसते, आणि ते आपल्या गाडीला आहे याचा मालकाला बहुधा पत्ताही नसतो. तथापि गाडीच्या पुढल्या अंगाचा सगळा भार त्याच्यावरच टेकलेला असतो. इंग्रज आणि अमेरिकन गाडीकारागिरांनी त्याला ‘पाचवे चाक’ हे नाव दिले ते त्याच्या आकारावरून. पुढे घोडे गेले, लाकडी गाड्या गेल्या, कड्याच्या जागी खाच पाडलेली जाड पोलादी तबकडी आली, तरी नाव हलले नाही. आणि आज अमेरिकेतला एखादा निवृत्त गृहस्थ पिकअप ट्रकच्या हौद्यात बसविलेल्या तबकडीला आपले चाकांवरचे घर अडकवून थंडीच्या दिवसांत दक्षिणेकडे निघतो, तेव्हा त्या घरालाच तो ‘फिफ्थ व्हील’ म्हणतो.

नावांच्या बाबतीत घोड्याने आपल्याकडेही असाच हक्क राखला आहे. न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्यावर कंटेनर ओढणाऱ्या गाड्यांच्या चालकांशी घटकाभर बोलत उभे राहावे, म्हणजे कळते की पुढच्या इंजिनगाडीला त्यांच्या बोलीत ‘घोडा’ म्हणतात. ट्रेलर गोदामात उभा राहतो आणि घोडा सुटून दुसऱ्या ट्रेलरला लागतो. इंग्लंडात १९३० नंतरच्या दशकात रेल्वे कंपन्यांनी स्टेशनावरून माल पोहोचविणाऱ्या घोड्यांच्या जागी स्कॅमेल कारखान्याच्या तीन चाकी इंजिनगाड्या घेतल्या, त्यांचे नावही ‘मेकॅनिकल हॉर्स’ म्हणजे यांत्रिक घोडा असेच होते. न्हावा-शेवाच्या चालकाने ते नाव ऐकले असण्याचा संभव नाही, आणि इंग्रज कारखानदाराने न्हावा-शेवा पाहिले असण्याचा त्याहून नाही; ओढणारा आणि ओढला जाणारा अशी फोड एकदा झाली, की ओढणाऱ्याला घोडा म्हणण्यावाचून माणसाला दुसरे सुचत नसावे.

ही फोड प्रथम ज्यांनी अंगावर घेतली त्यांत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानातल्या स्प्रिंगफील्ड गावचा नॉक्स मोटार कारखाना आणि तेथील चार्ल्स मार्टिन यांचे नाव घ्यावे लागते. १९०९ च्या सुमारास त्यांनी एक तीन चाकी इंजिनगाडी काढली. त्या काळच्या शहरांतून आगीच्या बंबांवर मोठा पैसा खर्च झालेला होता. बंब उत्तम चालत होते, फक्त ते ओढणारे घोडे म्हातारे होत होते. तेव्हा बंबाची पुढची दोन चाके काढून त्या जागी नॉक्सची गाडी सारावी आणि घोड्यांना पेन्शन द्यावी, अशी ही तजवीज होती. मार्टिनच्या कल्पकतेचा खरा दाखला मात्र जोडणीत नसून तिच्या खाली आहे. मागून आलेला भार त्याने इंजिनगाडीच्या सांगाड्यावर टाकला नाही; मागच्या आसावरच जाड पाट्यांच्या स्वतंत्र कमानी उभारून त्यांच्यावर तो ठेवला, जेणेकरून गाडीच्या स्वतःच्या कमानी तिचे स्वतःचे अंग तोलण्यापुरत्या मऊ राहाव्यात आणि परका भार परक्या कमानींनी वाहावा. आज ज्याला ‘हेल्पर स्प्रिंग’ म्हणतात, आपल्या गॅरेजांत ज्याला मिस्त्री ‘हेल्पर पाटा’ म्हणतो, त्याच्यामागचा विचार म्हणजे मुख्य कमान कोणाची आणि मदतनीस कमान कोणाची, हा भेद, पाचव्या चाकाच्या मोटार-अवताराबरोबरच जन्मला हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

यानंतरची कथा डेट्रॉइटची असून ती एका लोहाराची आहे. ऑगस्ट फ्रुहाफ हा घोड्यांना नाल मारणारा आणि मालाच्या गाड्या बांधणारा कारागीर. १९१४ मध्ये फ्रेडरिक सिब्ली नावाचा लाकडाचा व्यापारी त्याच्याकडे आला. त्याला आपली होडी मिशिगनच्या उत्तरेकडील सरोवरावर न्यावयाची होती, आणि जवळ होती फोर्डची मॉडेल टी मोटार. फ्रुहाफने दोन चाकांची एक गाडी बांधली, तिचे पुढचे टोक मोटारीच्या मागच्या भागावर टेकविले, आणि तिला ‘सेमी-ट्रेलर’ म्हणजे अर्धी गाडी असे नाव दिले. सिब्लीची होडी सरोवराला पोहोचली. आणि परत आल्यावर या व्यवहारी माणसाने आपल्या वखारीतले लाकूड वाहण्यासाठी तशाच आणखी गाड्या मागविल्या. १९१८ मध्ये फ्रुहाफची कंपनी रीतसर स्थापन झाली, आणि पुढे अमेरिकेच्या मालवाहतुकीत तिने केवढा विस्तार केला तो सर्वश्रुत आहे. सुटीतल्या होडीपासून व्यापाराच्या लाकडाकडे गेलेली ही वस्तू पन्नास-साठ वर्षांनी व्यापाराकडून पुन्हा सुटीकडे वळली, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो.

‘अर्धी गाडी’ या नावातील अर्धेपण नीट समजले पाहिजे, कारण पुढचा सारा प्रश्न त्याच्यातूनच उगवतो. चार चाकांचा ट्रेलर आपला भार आपणच वाहतो, पुढच्याने त्याला केवळ ओढावयाचे असते. अर्ध्या गाडीला पुढची चाकेच नसल्यामुळे ती आपल्या भाराचा एक हिस्सा पुढच्याच्या पाठीवर ठेवते. हे तत्त्व आपल्या शेतकऱ्याला शिकवावयास नको. दोन चाकांची बैलगाडी भरताना माल मागे फार गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जोती बैलांच्या गळ्यांना आवळतात. माल पुढे फार आला तर जू मानेवर बसते आणि बैल घाटात गुडघे टेकतात. या दोहोंच्या मधली जागा गाडीवान डोळ्यांनी आणि एका हाताने दांडी उचलून ओळखतो. अमेरिकनाने तीच गोष्ट तराजूवर मांडली आणि सांगितले की, फिफ्थ व्हील ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भाग त्याच्या किंग पिनमधून, म्हणजे तबकडीत अडकणाऱ्या त्या खिळ्यातून, पुढच्या गाडीवर पडावा. मोटारीच्या मागे गोळ्याला अडकणाऱ्या साध्या ट्रेलरला हेच प्रमाण १० ते १५ टक्के पुरते. परंतु त्या गोळ्याचा भार मागच्या आसाच्याही पाठीमागे लोंबतो, गाडीची शेपटी दाबतो आणि तिचे तोंड उचलतो. पाचव्या चाकाचा भार आसाच्या माथ्यावर किंवा किंचित पुढे पडतो. म्हणून तो अधिक असूनही गाडीला अधिक मानवतो.

आता लोहाराच्या दुकानातील एक गोष्ट. फ्रुहाफसारख्या कारागिराच्या एका हाताला पोलादी पाटे असत, आणि दुसऱ्या हाताला भाता. पाटे गाडीखाली जात आणि भाता विस्तव फुलवी. या दोन जिनसांची अदलाबदल करावी, भाताच उचलून गाडीखाली घालावा आणि त्यात कोंडलेल्या हवेवर भार टेकावा, हे लोहाराला सुचले नाही. सुचले असते तरी चामड्याच्या भात्याने ते दोन दिवसही निभावले नसते. मात्र ज्यांचा लोहारकीशी संबंध नव्हता त्यांच्या डोक्यात हा विचार बराच काळ घोळत होता. हवा दाबली म्हणजे तिचा विरोध वाढत जातो, हा रॉबर्ट बॉइलचा सिद्धान्त १६६२ इतका जुना आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचा हक्क (पेटंट) नोंदविला. तो काळाच्या फार आधी झाला म्हणून विसरला गेला, आणि १८८८ मध्ये बेलफास्टचा पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने तोच शोध पुन्हा लावून नाव मिळविले. चाकातली हवा वर सरकून कमानीत यावयास फार वेळ लागला नाही. सायकलींच्या रचनेवर मोठा ग्रंथ लिहिणारा आर्चिबाल्ड शार्प याने १९०१ मध्ये हवेच्या कमानीची सायकल सिद्ध करण्याची खटपट केली. त्याच वर्षी अमेरिकेत विल्यम हम्फ्रीज याने वाहनांसाठी हवेच्या स्प्रिंगचा हक्क घेतला. आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये जॉर्ज मेसिए याने चारही कोपरे हवेवर तोललेल्या मोटारी प्रत्यक्ष बांधून विकल्या. या सर्वांना नडले ते एकच, की हवा कोंडून ठेवील असे अंग त्यांच्यापाशी नव्हते. धातूच्या नळकांड्यात दट्ट्या घालावा तर तो घासतो आणि गळतो; चामडे घालावे तर ते फाटते.

मध्यंतरी एका विमानविद्या जाणणाऱ्या माणसाने पाचवे चाक आणि कोंडलेली हवा यांची गाठ फार नामी रीतीने घालून दिली. ग्लेन कर्टिस हा राइट बंधूंचा प्रतिस्पर्धी, अमेरिकेच्या आरंभीच्या वैमानिकांतला अग्रेसर. विमानांच्या धंद्यातून श्रीमंत होऊन तो फ्लोरिडात जमिनीच्या व्यवहारात पडला, आणि तेथे त्याने ओपा-लोका नावाचे नगर वसविले, ते अरबी कथांच्या धर्तीवर, घुमट आणि मिनारांसह. रस्त्यांना अलीबाबा, अल्लाउद्दीन अशी नावे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ज्या गोष्टी मराठीत आणल्या त्या या गृहस्थाने विटा-चुन्यात आणल्या म्हणावयाचे! शिकारीला आणि सहलीला जाण्याचा त्याला नाद होता, आणि त्यासाठी आपल्या सावत्रभावाबरोबर त्याने आधीच फिरती घरे बांधून पाहिली होती. १९२८ पासून त्याने ‘एरोकार’ नावाचा ट्रेलर विक्रीला काढला. त्याचा सांगाडा विमानाच्या पद्धतीने हलक्या लाकडी दांड्यांचा आणि ताणलेल्या तारांचा होता. पण विशेष होता तो जोडणीचा. ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या भागात त्याने विमानाचे एक हवा भरलेले चाक आडवे निजविले, आणि ट्रेलरचा खिळा त्या चाकाच्या तुंब्यात उतरविला. म्हणजे घोडागाडीतले लोखंडी पाचवे चाक येथे शब्दशः पुन्हा चाक झाले, आणि रबरी टायरमधल्या हवेने रस्त्याचे धक्के दोन गाड्यांच्या मध्येच गिळून टाकले. कर्टिस १९३० मध्ये वारला, आणि एरोकारही काही वर्षांनी मागे पडली. त्या महागड्या गाडीला मंदीच्या दिवसांत गिऱ्हाईक ते किती मिळणार? परंतु हौसेच्या प्रवासासाठी पाचवे चाक आणि त्याच्या सोबतीला हवा, ही जोडी त्याने पहिल्यांदा लावून दाखविली, हे श्रेय त्याचे त्याला दिले पाहिजे.

हवेला अंग मिळाले ते ओहायोतल्या ॲक्रन शहरी. टायरच्या कारखान्यांनी या गावाचा सारा आसमंत रबराच्या वासाने भरून टाकला होता, आणि टायर म्हणजे रबरात दोऱ्यांचे थर घालून हवा कोंडण्याचीच विद्या असल्यामुळे तिच्यातून हवेचा भाता निघणे हे एका परीने घरचेच काम होते. फायरस्टोन कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या आगे-मागे असे भाते तयार केले, १९४६ मध्ये विल्यम स्टाउटच्या एका प्रायोगिक मोटारीखाली ते बसविले, आणि मग त्यांचा उपयोग जेथे खरा होता तेथे, म्हणजे उतारूंच्या बसखाली, ते पोहोचले. १९५३ पासून जनरल मोटर्सच्या लांब पल्ल्याच्या बसगाड्या हवेवर चालू लागल्या, आणि १९५४ मध्ये ग्रेहाउंड कंपनीची दुमजली धाटणीची ‘सीनिक्रूझर’ रस्त्यावर आली. बसचा भार दर थांब्यावर बदलतो. पाट्यांच्या कमानीवर रिकामी बस उसळते आणि भरलेली बसते. हवेच्या कमानीला मात्र भार वाढला की थोडी हवा आत घ्यावी आणि भार उतरला की सोडून द्यावी, एवढे केले की गाडीची उंची आणि तिची झुलण्याची लय, दोन्ही जवळजवळ जागच्या जागी राहतात. मुंबई-पुण्याच्या शिवनेरी बसमध्ये बसणाऱ्याला हा अनुभव निराळा सांगावयास नको; आपले चालक या रबरी भात्यांना ‘बलून’ म्हणतात, आणि बलून बसला म्हणजे गाडी बसली हे त्यांना पक्के ठाऊक असते.

बसला जे साधले ते मोटारीला साधले नाही. १९५७ मध्ये कॅडिलॅकच्या अतिमहाग एल्डोराडो ब्रॉम गाडीला आणि १९५८ मध्ये जनरल मोटर्सच्या साध्या गाड्यांनाही मागणीप्रमाणे हवेच्या कमानी मिळू लागल्या; पण हवा गळे, दमट हवेतले पाणी नळ्यांत जाऊन थंडीत गोठे, आणि सकाळी मालक बाहेर येऊन पाहतो तो गाडी जमिनीवर टेकलेली. अनेकांनी पदरचे पैसे घालून हवेच्या कमानी काढल्या आणि पोलादी वेटोळी परत बसविली. या फजितीचे कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, हवेत नव्हतेच. चार-पाच माणसांच्या मोटारीला ज्या औषधाची गरज नव्हती ते तिला पाजण्यात आले, हे होते. ज्याचा भार बदलतो त्यालाच हवा मानवते.

याच्या काही वर्षे आधी, १९४९ मध्ये, मिशिगनमधील लान्सिंग येथे एअर लिफ्ट नावाची छोटी कंपनी निघाली, आणि तिने या मोठ्या कंपन्यांपेक्षा पुष्कळच विनम्र असा मार्ग धरला. पोलादी कमान काढून टाकू नका, ती राहू द्या; तिच्या जोडीला रबराची एक पिशवी बसवा, आणि भार असेल तेव्हा तिच्यात सायकलच्या ट्यूबप्रमाणे हवा भरा. मार्टिनने नॉक्सच्या गाडीला जाड पाट्यांनी जे दिले होते तेच येथे हवेने दिले जात होते. फरक एवढाच की जाड पाटा भार उतरल्यावरही जाड राहतो, आणि पिशवीतली हवा चालकाच्या बोटाने जाते-येते.

या पिशवीला खरे गिऱ्हाईक मिळाले ते पिकअप ट्रकच्या उत्कर्षाबरोबर. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत ४१,००० मैलांच्या राष्ट्रीय महामार्गांचे जाळे विणण्याचे ठरले, आणि शेतातला व बांधकामावरचा पिकअप हळूहळू कुटुंबाची गाडी होऊ लागला. १९६० मध्ये कादंबरीकार जॉन स्टाइनबेक याने पिकअपच्या पाठीवर छोटेसे घर बांधून, कुत्रा सोबत घेऊन, अवघा देश पालथा घातला, आणि त्या गाडीचे नाव ठेवले ‘रोसिनान्ते’, म्हणजे डॉन किहोतेचा मरतुकडा घोडा. पुन्हा घोडाच! साठाच्या दशकाच्या अखेरीपासून घर पाठीवर बांधण्याऐवजी ते पाठीवर टेकविण्याची कल्पना रुजली. हौद्यात मालवाहू ट्रकसारखी तबकडी बसवून इंडियाना संस्थानातल्या एल्कहार्ट परिसरात आणि अन्यत्र बांधलेली फिफ्थ व्हील घरे तिला अडकविली जाऊ लागली. फ्रुहाफची अर्धी गाडी व्यापाराची नोकरी करून सुटीवर परतली ती अशी. परंतु मालवाहू घोडा जन्मभर भार वाहतो, त्याच्या कमानी त्या हिशेबानेच बांधलेल्या असतात. कुटुंबाचा पिकअप वर्षातले दहा महिने रिकामा हिंडतो, बाजारहाट करतो, मुलांना शाळेत सोडतो, आणि दोन महिने त्याच्या मागच्या आसावर एकाएकी टनाएवढा भार येतो. कारखानदाराने कमानी भारासाठी कडक कराव्यात तर दहा महिने मालकाची कंबर मोडते. मऊ कराव्यात तर दोन महिने गाडीचे ढुंगण बसते, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात, आणि ट्रेलरचे नाक खाली आल्याने त्याच्या स्वतःच्या दोन आसांवर भार असमान पडतो. या पेचातून सुटण्यासाठी हवेची मदतनीस कमान घेतली जाते, आणि ती कशी निवडावी हा प्रश्न अमेरिकन ट्रेलरवाल्यांच्या मेळाव्यांतला नित्याचा विषय होऊन बसला आहे.

या निवडीचा कारभार पाहिला म्हणजे मला जुन्या काळच्या घोड्यांच्या सौद्याची आठवण होते. गुण-दोषांची यादी लांब, आणि प्रत्येक यादीखाली एक मर्म दडलेले. भात्यांचे प्रकार ठळकपणे दोन. एक दोन वळ्यांचा, मधे पट्ट्याने आवळलेला, आखूड आणि जाडजूड. त्याची भार घेण्याची कुवत मोठी, आणि पिकअपच्या जोडीला साधारण ५,००० पौंडांपर्यंत भार तोलण्याइतका तो बांधतात. दुसरा बाहीसारखा, पिस्टनवर गुंडाळत जाणारा. त्याची चाल लांब आणि लवचिक, म्हणून रिकाम्या गाडीला तो अधिक मानवतो, परंतु कुवतीने बहुधा कमी. फिफ्थ व्हीलचा भार जड आणि स्थिर असल्याने बहुतेक जाणकार पहिल्याकडे झुकतात, आणि मला ते रास्त वाटते. दाब चौरस इंचास ५ पासून १०० पौंडांपर्यंत ठेवता येतो. रिकाम्या गाडीतही निदान ५ पौंड हवा राखावीच लागते, नाही तर घडीत सापडून रबर कातरले जाते. नव्याने भाते बसविणारे येथेच चुकतात, आणि रिकामी पिशवी म्हणजे निरुपद्रवी पिशवी असे समजतात.

दुसरे मर्म नळ्यांचे. डाव्या-उजव्या भात्यांना एकाच नळीने जोडले, म्हणजे हवा भरण्याचा त्रास निम्मा होतो, आणि विक्रेता हे सोयीचे म्हणून सांगतो. परंतु वळणावर बाहेरचा भाता दबला की त्यातली हवा नळीवाटे आतल्या भात्यात पळते, दबलेली बाजू आणखी दबते आणि उचललेली आणखी उचलते. उंच ट्रेलरच्या पुढे चालताना हे कोणी आपणहून मागून घेऊ नये. दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळी आणि स्वतंत्र तोंड असावे. घरात सामान एका अंगाला जास्त असेल तर दाबही त्या प्रमाणात निराळा ठेवता येतो. गाडीत बसल्या बसल्या हवा भरणारे छोटे यंत्र घ्यावे की पेट्रोल पंपावर हाताने भरावी, हा पैशाचा आणि कमरेचा प्रश्न आहे. ज्याचा ट्रेलर वर्षातून दोनदाच हलतो त्याला हाताची तोंडे पुरेशी. धुराड्याची गरम नळी भात्याला चाटून जात नाही ना, आणि तबकडीखालचे आडवे रूळ सांगाड्याला जेथे बोल्टने आवळले आहेत तेथेच भात्याच्या कोंदणाची जागा तर नाही ना, हे सामान विकत घेण्यापूर्वी गाडीखाली निजून पाहावे, एवढे सांगून हा तपशील पुरे करतो.

कारण या सर्वांहून मोठी गोष्ट निराळी आहे, आणि तीच बहुतेकांच्या ध्यानातून सुटते. समजा ट्रेलर भरून १२,००० पौंडांचा झाला. त्याचे वीस टक्के म्हणजे २,४०० पौंड किंग पिनमधून पिकअपवर आले, तबकडीचे दीड-दोनशे निराळे, माणसे आणि त्यांचे सामान निराळे. भाते फुगविले, मागची बाजू चार बोटे वर आली, दिवे सरळ झाले, गाडी दिसावयास झकास झाली. परंतु मागच्या आसावरचा भार किती कमी झाला? एक पौंडही नाही. आस तोच, टायर तेच, चाकांचे बेअरिंग तेच, ब्रेक तेच. बैलगाडीच्या जुवाखाली मऊ गादी बांधल्याने बैलाच्या मानेला बरे वाटेल, तरी ओझे बैलालाच ओढावे लागते. अमेरिकेतील पिकअपना अर्धा टनी, पाऊण टनी आणि एक टनी अशी नावे आहेत. ही नावे एका काळी खरी होती, आज ती नुसती वंशावळ सांगतात, आणि त्यांच्यावर विसंबून ट्रेलर घेणारा माणूस आडनावावरून पगार ठरविणाऱ्याइतकाच शहाणा ठरतो. भाते निवडण्याआधी ट्रेलर जोडून, पाणी आणि सामान भरून, महामार्गालगतच्या ट्रकच्या वजनकाट्यावर जावे, प्रत्येक आसाचा आकडा लेखी घ्यावा, आणि तो आकडा गाडीच्या हद्दीत असला तरच मदतनीस कमानीचा विचार करावा. हद्दीबाहेर असेल तर भात्यांचे पैसे राखून मोठा पिकअप पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि मागे चार चाकांचा एक टनी पिकअप ज्यांच्यापाशी आहे, त्यांतल्या पुष्कळांना भात्यांची गरजच पडत नाही, हेही सांगून टाकले पाहिजे.

ती हद्द कोठे लिहिलेली असते, असे वाचकांपैकी परदेशी मुलाबाळांकडे जाऊन असा ट्रेलर भाड्याने घेण्याचा बेत करणारा कोणी विचारील, तर त्याने चालकाच्या बाजूचे दार उघडावे. दाराच्या चौकटीवर अमेरिकेतील कायद्याने लावावी लागते ती चिठ्ठी चिकटविलेली असते. तिच्यावर संपूर्ण गाडीचा आणि पुढच्या-मागच्या आसाचा कमाल भार पौंडांत आणि किलोग्रॅममध्ये छापलेला असतो. गाडीखाली भाते बसविल्यावर ते आकडे बदलत नाहीत.